विलायतेतल्या नव्या घराचा वरचा मजला करकरतो तेव्हा

आमचं घर मिल्टन कीन्सजवळच्या एका नव्या वसाहतीत. किल्ल्या मिळाल्या तेव्हा भिंतींच्या रंगाचा वासही गेला नव्हता. तीन महिन्यांनी सासरे आले. राजापूरकडचे, पहाटे पाचला उठायची सवय. ते खोलीतून बाथरूमकडे निघाले की पहिल्या पावलाला ‘कुर्र’, दुसऱ्याला ‘चर्र’, आणि लँडिंगवर, म्हणजे जिना संपतो तिथल्या वरच्या मोकळ्या जागेत, तर असा आवाज की पाळण्यातलं पोर दचकून जागं. चौथ्या दिवशी चहा घेताना म्हणाले, “जावईबापू, घर नवं म्हणालात ना? आमचा माळा आजोबांच्या वेळचा, पण तोही एवढा बोलत नाही.”

मला काही उत्तर सुचलं नाही. पुढचं दीड वर्ष मी ते उत्तर शोधत होतो. इंग्लंडमध्ये पहिलंच नवं घर घेणाऱ्यांना त्यातलं काही उपयोगी पडेल म्हणून लिहितो आहे.

आधी पायाखाली काय आहे ते बघा

आपण स्लॅबच्या घरात वाढलेली माणसं. फरशी करकरू शकते हेच आपल्याला ठाऊक नसतं. इथल्या नव्या घरांत तळमजला बहुतेक वेळा काँक्रीटचा असतो, पण वरचा मजला लाकडाचा. आडव्या तुळया, ज्यांना इथे जॉइस्ट म्हणतात, ४०० किंवा ६०० मिलिमीटर अंतरावर टाकलेल्या असतात. त्या अखंड लाकडाच्या क्वचितच असतात. इंग्रजी ‘आय’ अक्षरासारख्या, म्हणजे वर-खाली लाकडी पट्टी आणि मधे पातळ फळी, अशा तरी असतात, नाहीतर दोन पट्ट्यांच्या मधे पत्र्याची नागमोडी जाळी असलेल्या. त्यांच्यावर १८ किंवा २२ मिमी जाडीचा चिपबोर्ड, म्हणजे भुसा आणि डिंक दाबून केलेल्या फळ्या. फळी साधारण २४०० बाय ६०० मिमीची असते. एका फळीची जीभ दुसरीच्या खाचेत बसते. या फळ्या तुळयांना गोंदाने चिकटवायच्या आणि वरून खिळे किंवा स्क्रू मारायचे, अशी पद्धत. वर अंडरले, म्हणजे कार्पेटखालचा मऊ थर, आणि त्यावर कार्पेट. खाली तुळयांनाच ठोकलेला प्लास्टरबोर्ड, म्हणजे जिप्समचा पातळ तक्ता, तेच खालच्या खोलीचं छत.

आवाज येतो तो दोन वस्तू एकमेकींवर घासतात म्हणून. घासायला फट लागते. सुतारकामातलं एवढंच शास्त्र इथे लागू आहे. झोपाळ्याच्या कड्या कुरकुरल्या की आपण खोबरेल तेलाचं बोट लावतो. इथे तेल चालत नाही, फटच मिटवावी लागते. त्यामुळे स्क्रू हातात घेण्याआधी कोणत्या दोन वस्तू घासताहेत हे ठरवा. मी ते न ठरवता सुरुवात केली आणि दोन शनिवार फुकट घालवले.

फट पडते कशी? सर्वात जास्त वेळा, गोंद कमी लावलेला असतो किंवा लावून बराच वेळ गेल्यावर फळी ठेवलेली असते. मग ती फळी नुसत्या खिळ्यावर टिकून राहते. पाय पडला की फळी खिळ्याच्या अंगावरून दोन केस खाली जाते, पाय उचलला की वर येते. तो ‘कुर्र’ असतो खिळ्याचा. दुसरं, छप्पर चढायच्या आधी पावसात भिजलेला चिपबोर्ड. तो फुगतो, घरात हीटिंग सुरू झालं की वाळतो, आणि सांधे सैल पडतात. तुळयाही पहिल्या हिवाळ्यात आक्रसतात. म्हणूनच सप्टेंबरात गप्प असलेला मजला फेब्रुवारीत बोलायला लागतो.

आवाजाची जात ओळखा

हे काम दोघांचं. एक जण वर चालणार, दुसरा खालच्या खोलीत स्टुलावर उभा राहून छताला कान लावणार. आमच्याकडे मी खाली होतो आणि बायको वर. “थांब. मागे ये. आता फक्त डावा पाय टाक.” असं अर्धा तास. शेजाऱ्यांनी खिडकीतून पाहिलं असेल तर काय समजले असतील कोण जाणे.

पायात मोजे नकोत, अनवाणीच चाला. तळपायाला फळी हललेली कळते. आपण घरात चपला घालत नाही याचा इथे फायदा होतो, तसा तोटाही आहेच: आवाज बुटांच्या आवाजात लपत नाही.

पाय टाकताना एकदा आणि उचलताना एकदा, तेही एकाच जागी, असा आवाज येत असेल तर फळी खिळ्यावर नाचते आहे. हे सर्वात सोपं दुखणं.

तुळयांच्या मधोमध, फळीच्या सांध्यावर कर्रर्र असा लांबट आवाज येत असेल तर जीभ खाचेत घासते आहे. खाली तुळई नसल्यामुळे स्क्रू मारून काही होत नाही. मी नेमकं तेच केलं होतं.

भिंतीच्या कडेने आवाज येत असेल तर दोन शक्यता. चिपबोर्ड भिंतीला जाऊन टेकला आहे, किंवा स्कर्टिंग, म्हणजे भिंतीच्या तळाशी लावलेली पट्टी, त्याच्यावर घासतं आहे. फळीच्या कडेला भिंतीपासून साधारण १० मिमी जागा सोडायची असते, म्हणजे फुगायला वाव राहतो. घाईत ती राहून जाते.

जिन्याच्या तोंडाशी किंवा खोलीच्या एका टोकाला, खोलवरून ‘टक्क’ असा आवाज येत असेल, आणि छताला लावलेल्या कानाला तो वरच्यापेक्षा मोठा ऐकू येत असेल, तर तुळई जिथे पत्र्याच्या खोबणीत म्हणजे हँगरमध्ये बसते तिथे ढिलाई आहे. हँगरच्या भोकांत सगळे खिळे मारलेले नसतात, किंवा तुळई तोकडी कापलेली असते. हे वरून दुरुस्त होत नाही. छत कापावं लागतं. म्हणजे हे काम बिल्डरचं, आणि ते त्याच्याच गळ्यात राहू द्या.

आणि कोणी चालत नसतानाही टक-टक-टक, तेही सकाळी हीटिंग लागल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटं? तो मजला नाहीच. रेडिएटरचा पाइप तापून लांबतो आणि लाकडाच्या भोकात घासतो. पाइप फळीतून वर येतो तिथलं भोक थोडं मोठं करून भोवती फेल्टचा तुकडा घातला की बहुधा थांबतं.

याशिवाय एक गोष्ट करकरीपासून वेगळी ठेवा. चालताना कपाटातल्या काचेच्या वस्तू किणकिणत असतील, मजला झोपाळ्यासारखा लवत असेल, तर तो आवाजाचा नव्हे, बांधकामाचा प्रश्न आहे. त्याला हात लावू नका. लगेच लेखी कळवा.

नकाशा काढा

खोलीचा साधा आराखडा कागदावर काढा. प्रत्येक आवाजाच्या जागी फुली, आणि दोन भिंतींपासूनचं अंतर सेंटिमीटरमध्ये. कार्पेटवर रंगीत चिकटपट्टीचे तुकडे लावले की फोटोही स्पष्ट येतो. फोनवर व्हिडिओ घ्या, पाय आणि आवाज दोन्ही येतील असा. आमच्या लँडिंगवर नऊ फुल्या निघाल्या. त्यातल्या सात एका सरळ रेषेत होत्या. म्हणजे एका अख्ख्या तुळईवर गोंदच नव्हता. नुसतं ‘वर आवाज येतो’ म्हणून हे कधी कळलं नसतं.

बिल्डरला कळवा, तेही आधी

नव्या घराला बहुधा दहा वर्षांची वॉरंटी असते. एनएचबीसी या नव्या घरांना वॉरंटी देणाऱ्या संस्थेची ‘बिल्डमार्क’ ही त्यातली सर्वात परिचित. पण ‘दहा वर्षं’ हा आकडा ऐकून निवांत बसू नका. पहिली दोन वर्षं बिल्डरने दोष दुरुस्त करायचे असतात. तिसऱ्या वर्षापासून विमा उरतो तो मुख्यतः बांधकामाच्या मोठ्या बिघाडांसाठी. करकरणारी फळी त्यात बसवणं जवळपास अशक्य. तेव्हा तुमच्या हातात दोनच वर्षं आहेत असं समजा आणि तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.

साइट मॅनेजरला गेटवर गाठून तोंडी सांगणं आपल्याला सोपं वाटतं. माणूस चांगला असतो, “पाठवतो कुणाला तरी” म्हणतो, आणि दोन महिन्यांनी दुसऱ्या साइटवर गेलेला असतो. ग्राहकसेवेला ईमेल करा. नकाशा आणि व्हिडिओ जोडा. आवाज कोणत्या तारखेपासून येतो ते लिहा.

उत्तर बहुधा ठरलेलं येतं: लाकूड वाळताना आक्रसतं, थोडा आवाज नैसर्गिक आहे, वर्षभर थांबा. हे खोटं नाही. वॉरंटीच्या मार्गदर्शक नियमांतही लाकडी मजल्याची थोडी करकर पूर्णपणे टाळता येत नाही असं मान्य केलेलं आहे. घर नीट वाळेपर्यंत एक हिवाळा जाऊ देणं शहाणपणाचंही आहे. पण ‘थोडी’ हा शब्द धरून ठेवा. एका ओळीत सात फुल्या म्हणजे वाळणं नव्हे, राहिलेलं काम आहे. त्यामुळे थांबायला हो म्हणा, पण तक्रार नोंदवली असल्याचं लेखी घेऊनच थांबा.

दाद मिळत नसेल तर रीतसर ‘कम्प्लेंट’ हा शब्द वापरून पत्र लिहा. नुसतं स्नॅगिंगच्या, म्हणजे नव्या घरातल्या बारीकसारीक दोषांच्या, यादीत घातलेलं आणि तक्रार म्हणून दिलेलं, यांत फरक असतो. बिल्डर न्यू होम्स क्वालिटी कोड या नव्या घरांच्या बिल्डरांसाठीच्या आचारसंहितेखाली नोंदवलेला असेल आणि आठ आठवड्यांत तोडगा निघाला नाही, तर न्यू होम्स ओम्बुड्समनकडे, म्हणजे अशा तक्रारींच्या स्वतंत्र लवादाकडे, जाता येतं. ही सोय २०२२ पासून आहे आणि ग्राहकाला फुकट आहे. वॉरंटी एनएचबीसीची असेल तर पहिल्या दोन वर्षांत त्यांच्याकडेही मध्यस्थी मागता येते. आम्हाला तिथपर्यंत जावं लागलं नाही, पण पत्राच्या शेवटी त्या दोन्ही नावांचा उल्लेख केल्यावर चार दिवसांत फोन आला एवढं खरं.

माणूस आला की त्याच्याजवळ उभं राहा

आमच्याकडे पहिल्यांदा आलेल्या सुताराने कार्पेटचा एक कोपरा उचलला, पाच-सहा खिळे ठोकले, त्यावर नाचून दाखवलं आणि गेला. आवाज तीन आठवडे बंद होता. सैल फळीला आणखी खिळे मारले की फळीला नाचायला आणखी खिळे मिळतात, बाकी काही होत नाही.

दुसऱ्यांदा आलेला गृहस्थ पन्नाशीचा होता. त्याने पूर्ण कार्पेट गुंडाळलं, जुन्या खिळ्यांच्या रेषा पाहून तुळया कुठून जातात ते पेन्सिलने आखलं, आणि वीत-वीत अंतरावर स्क्रू मारत गेला. आधी फळीवर दोन्ही पायांनी उभा राहायचा, मग ड्रिल. लँडिंगला दीड तास लागला. चहा मात्र दोनदा घेतला, आल्याचा, दुसऱ्यांदा मागून.

तेव्हा माणूस आला की तीन गोष्टी पाहा: कार्पेट पूर्ण निघतं आहे का, खिळे मारतो आहे की स्क्रू, आणि फुली असलेल्याच जागी मारतो आहे की त्या तुळईच्या पूर्ण लांबीवर. आणि कार्पेट परत कोण ताणणार हे आधी विचारून ठेवा.

स्वतः करायचं असेल तर

वॉरंटीतली पहिली दोन वर्षं संपली असतील, किंवा बिल्डरशी वाद घालायचा कंटाळा आला असेल, तर हे काम घरी होतं. दोन वर्षांच्या आत असाल तर बिल्डरकडून ‘हरकत नाही’ असं ईमेलवर घ्या, नाहीतर पुढे प्रत्येक दोषाचं खापर तुमच्या स्क्रूवर फुटेल.

कार्पेट कोपऱ्यातून उचला. कडेला ग्रिपर नावाची लाकडी पट्टी असते, तिच्यातून बारीक खिळे वर आलेले असतात. जाड हातमोजे घाला. पकडीने कार्पेटचा कोपरा धरून ओढला की सुटतं. अंडरले दुमडून ठेवा.

आता तुळई शोधा. ती फळीच्या लांबीला काटकोनात जाते. खिळ्यांच्या डोक्यांची रांग दिसली की तुळई तिथेच. दिसत नसेल तर बारीक बिटने भोक पाडा: फळी संपल्यावरही बिटला लाकूड लागत राहिलं आणि पांढुरकी साल वर आली तर खाली तुळई, बिट एकदम पोकळीत गेलं तर नाही. तुळईची वरची पट्टी ४५ मिमीइतकी अरुंदही असू शकते, म्हणून मध्य नीट आखा.

यातला खरा धोका पाइपांचा आणि वायरींचा. अखंड लाकडाच्या तुळईत भोक पाडून नेलेली वायर वरच्या कडेपासून निदान ५० मिमी खाली असावी असा इथला नियम आहे. २२ मिमीच्या फळीतून ५० मिमीचा स्क्रू मारला तर तुळईत २८ मिमीच जातो. म्हणून ५० मिमीचा स्क्रू पुरे, ७०-७५ चा हव्यास नको. ‘आय’ तुळईच्या वरच्या पट्टीला खाच पाडायची नसते, पाइप मधल्या फळीतल्या भोकांतून जातात. पण अखंड तुळईत पाइपसाठी वरून खाच मारलेली असू शकते, आणि तिथला पाइप फळीला अगदी लागून असतो. रेडिएटरच्या समोरचा, बॉयलरच्या कपाटाभोवतीचा आणि बाथरूमच्या दारातला भाग त्यामुळे संशयित धरा. हीटिंग लावा, फळीवर तळहात ठेवून ऊब कुठे येते ते पाहा, पाइप शोधणारं यंत्रही फिरवा. तरी शंका उरली तर तिथे स्क्रू नको. पाण्याचा मुख्य नळ कुठे बंद होतो ते काम सुरू करायच्या आधी माहीत करून घ्या. फळीखाली अंडरफ्लोअर हीटिंगच्या नळ्या असतील तर ड्रिल खाली ठेवा आणि बिल्डरलाच बोलवा.

स्क्रू घेताना लाकडाचेच, ५ मिमी जाडीचे आणि अर्धाच आटा असलेले घ्या. पूर्ण आट्याचा स्क्रू फळीलाही धरतो आणि तुळईलाही, त्यामुळे मधली फट तशीच कायम होते. अर्ध्या आट्याचा स्क्रू फळीत मोकळा फिरतो आणि तिला खाली खेचतो. पूर्ण आट्याचेच घरात पडले असतील तर फळीत आधी साडेपाच मिमीचं भोक पाडून घ्या. प्लास्टरबोर्डचे काळे स्क्रू मुळीच नकोत. ते ठिसूळ असतात, पायाच्या रोजच्या भाराने मान मोडते आणि नवा आवाज सुरू होतो.

फळीवर उभं राहा आणि स्क्रू मारा. डोकं एक-दोन मिमी आत जाऊ द्या. पुढचा १५० ते २०० मिमीवर. एक रांग झाली की चालून पाहा. जुना खिळा अजूनही कुरकुरत असेल तर तो उपटून काढा आणि शेजारी स्क्रू मारा.

सांध्यातल्या आवाजाला वेगळं औषध. फटीतली धूळ व्हॅक्यूमने ओढून घ्या, पातळ लाकडी गोंद फटीत सोडा, फळीवर हलकेच पाय देत तो आत मुरू द्या, वर आलेला पुसून टाका, आणि चोवीस तास तिथे पाय नाही. लहान मूल असेल तर हे चोवीस तास हाच कामाचा सर्वात कठीण भाग. टाल्कम पावडर भरायचा सल्ला बरेच जण देतात. तिने आवाज थांबतो, पण थोडेच दिवस.

भिंतीला टेकलेली फळी असेल तर स्कर्टिंग काढून फळीची कडेची पट्टी मल्टिटूल नावाच्या छोट्या विजेच्या करवतीने कापावी लागते. हे मी स्वतः केलं नाही, सुताराकडून करून घेतलं.

कार्पेट न उचलता वरूनच मारायचे, डोकं मोडून पडणारे खास स्क्रूही मिळतात. एखाद-दुसऱ्या जागेसाठी ठीक. नऊ फुल्यांसाठी नाही, कारण खाली काय आहे ते न बघता तुम्ही भोकं पाडत असता.

घर अजून ताब्यात आलं नसेल तर

मग तुम्ही नशीबवान. इथे बऱ्याच नव्या घरांत कार्पेट हे वरचे पैसे भरून घ्यायचं असतं, आणि ताबा मिळतो तेव्हा वरचा मजला उघडा चिपबोर्डच असतो. तो दिवस वाया घालवू नका. प्रत्येक खोलीत भिंतीलगत आणि मधून, फूट-फूट अंतरावर चाला. जिथे आवाज येईल तिथे खडूने फुली, आणि कार्पेटवाल्याला तारीख द्यायच्या आधी ती दुरुस्त करून घ्या. बाथरूमचं आधी पाहा. एकदा टाइल किंवा व्हिनाइल बसलं की वरून स्क्रू मारायचा रस्ताच बंद. लॅमिनेट टाकणार असाल तर तेच.

उघड्या मजल्याचे फोटोही काढून ठेवा, टेप पसरून. पाइप कुठून वर आलेत, फळ्यांचे सांधे कुठे आहेत, खिळ्यांच्या रांगा कुठून जातात.

आम्ही ते केलं नव्हतं. म्हणून दुसऱ्या वेळी कार्पेट उचललेलं होतं तेव्हा मी जाड मार्करने फळ्यांवरच लिहून टाकलं: तुळयांच्या रेषा काळ्या, गरम पाण्याचे पाइप लाल, आणि बॉयलरच्या कपाटासमोर हातभर जागेत मोठ्या अक्षरांत मराठीत ‘इथे स्क्रू नको’. शेजारी पाइपचं चित्रही काढलं, पुढचा घरमालक मराठी नसेल म्हणून. तिथली एक फळी अजून करकरते. सासरे या वर्षी परत आले तेव्हा त्यांना ती जागा दाखवून ठेवली. पहाटे ते तिला वळसा घालून जातात.